घारापुरीची आखणी

आमच्या भागात बेटं पावसाळ्यात तयार होतात. वर्धा नदी दोन्ही काठ सोडून वाहू लागली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या माजरीच्या आसपासची गावं एकेक करून पाण्यानं वेढली जातात. २०२२ च्या जुलैत पाटाळ्याचा पूल पाण्याखाली गेला, वणी-वरोरा रस्ता बंद पडला आणि नदीकाठच्या माणसांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. गडचिरोलीत तर हे दरवर्षीचंच. पर्लकोटा नदीचं पाणी चढलं की तिचा ठेंगणा पूल दिसेनासा होतो आणि भामरागडसह पलीकडच्या शंभरावर गावांचा संपर्क तुटतो. वर्तमानपत्रात बातमी येते, दोन-तीन दिवसांनी पाणी उतरतं, पूल पुन्हा दिसू लागतो. त्या दोन-तीन दिवसांत कुणाला साप चावला, कुणाचे दिवस भरले, तर काय करायचं हे त्या गावांनी आपलं आपण ठरवून ठेवलेलं असतं. अशा बेटावर सहलीला जाण्याचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

कायमचं म्हणावं असं एक बेट आमच्या जवळ आहे, पण ते तळ्यातलं. भद्रावतीच्या डोलारा तलावातल्या त्या बेटावर जायला जुन्या काळी कुणीतरी दगडी खांबांच्या दोन ओळी उभ्या करून, त्यांवर लांबच लांब दगडी तुळया टाकून पूल बांधला. इंग्रजांच्या काळातल्या नोंदींमध्ये या पुलाचं कौतुक आहे. बेटावर जायला नाव लागू नये म्हणून इतका दगड वाहून आणणारी माणसं कोण होती, याचा विचार मी त्या पुलाकडे बघताना नेहमी करते. मुंबईच्या समुद्रातल्या घारापुरी बेटावर जायचं ठरलं तेव्हा तो विचार पुन्हा वर आला आणि मग आमची सगळी आखणीच त्याच्या भोवती फिरत राहिली.

सहलीचा विषय काढला बाबांनी. माजरी हे जंक्शन. दिल्ली-चेन्नईच्या मोठ्या रेल्वेमार्गाला इथून वणीकडे फाटा फुटतो. लांब पल्ल्याच्या गाड्या धडधडत निघून जातात, थांबतात त्या थोड्या. कोळशाचे रेक मात्र रात्रंदिवस चालू. रस्त्यावर कोळशाचे ट्रक, खाणीत डंपर, आणि ब्लास्टिंगच्या वेळेला मांडणीवरची भांडी खडखडतात. बाबांची सगळी नोकरी डंपरवर गेली. ओपन कास्ट खाणीतून माती नि कोळसा वर आणायचा, रिकामं व्हायचं, पुन्हा खाली उतरायचं. निवृत्त झाले तरी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ते आवाजावरून सांगतात की भरलेला डंपर चढतोय की रिकामा उतरतोय. एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाले, “एखादा दिवस गाडीचा आवाजच नसन अशा जागी काढून पाहू.”

माथेरानचं नाव आधी निघालं. मोटारी तिथे दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे पायी, घोड्यावर नाहीतर, इतकी वर्षं, माणसानं ओढायच्या रिक्षातून. त्या रिक्षांवरून कोर्टात बरंच काही झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलं. आईला माथेरान नको होतं. तिला पाणी ओलांडून जायचं होतं. तिचं माहेर प्राणहितेच्या काठावरचं. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन जी नदी होते ती प्राणहिता, पलीकडे तेलंगणा. तिच्या लहानपणी सोयरीक, बाजार, दवाखाना, सगळ्यासाठी डोंगा होता. त्यामुळे मुंबईच्या समुद्रात तासभर लाँचमध्ये बसायचं म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला आणि बाबांचा उतरला. खाणीच्या पोटात उतारावरून साठ टनी डंपर उतरवणारा हा माणूस पाण्याला भितो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचं कुणी हसं करत नाही.

मुक्काम करायचा नाही, एवढं पहिल्याच दिवशी ठरलं, कारण घारापुरीवर पर्यटकांना रात्री राहता येतच नाही. मग वेळापत्रक आपोआप जुळत गेलं. माजरीहून मिळेल त्या गाडीनं वर्धा गाठायचं, संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसायचं. ती सकाळी सातच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर सोडते. वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन, चहा-नाश्ता करून टॅक्सीनं गेटवे ऑफ इंडिया. लाँच सकाळी नऊपासून सुटू लागतात. संध्याकाळी परतीची विदर्भ सातनंतर सुटते. म्हणजे दोन रात्री रेल्वेत आणि मधला एक दिवस बेटावर. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे तारीख आधी पक्की करावी लागते, आणि तारीख पक्की करायला घेतली की बेटाच्या अटी एकेक करून समोर येतात.

सोमवारी बेटावरची कोरीव लेणी बंद. रविवारी मुंबईची अर्धी माणसं तिथेच. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद. एप्रिल-मे महिन्यांत त्या काळ्या दगडाच्या पायऱ्या तापतात. आम्ही चंद्रपूरची माणसं उन्हाला घाबरत नाही, पण मुंबईच्या घामाची आम्हाला सवय नाही. म्हणून जानेवारीतला मंगळवार. हिवाळ्यात लाँचच्या मागे सीगलचे थवे येतात, हाही एक लाभ. लोक त्यांना गाठ्या नि वेफर्स फेकतात. बरोबर येणाऱ्या भाच्याला मी आत्ताच सांगून ठेवलं आहे की आपण फक्त बघायचं.

लाँचचा प्रवास दहा-अकरा किलोमीटरचा, तासाभराचा. वरच्या डेकवर बसायचे थोडे पैसे वेगळे द्यावे लागतात; ते द्यायचे. खाली डिझेलच्या वासात आणि इंजिनाच्या घरघरीत बसून जाण्यात बाबांसाठी नवीन काही नाही. वर बसलं की गेटवे मागे जाताना दिसतं, नौदलाची राखाडी जहाजं दिसतात, तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप दिसतं, तुर्भ्याच्या बाजूला अणुसंशोधन केंद्राचा घुमट दिसतो. आणि बेटाच्या उत्तरेकडून जाणारा, शिवडीहून न्हावा-शेव्याकडे पोचणारा अटल सेतू. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला हा जवळपास २२ किलोमीटरचा पूल फक्त चारचाकी आणि त्यांहून मोठ्या मोटारगाड्यांसाठी आहे; त्यावर पायी चालायला मनाई, रिक्षा-दुचाकीला मनाई. एका बाजूला मोटारीशिवाय कुणाला पाऊल ठेवता येत नाही असा पूल, आणि त्याच्या नजरेच्या टप्प्यात मोटार नसलेलं बेट. बाबांना ही जोडी मी मुद्दाम दाखवणार आहे. पूर्वेला बंदराच्या अजस्र क्रेन आहेत. त्या पाहिल्यावर ते बाकी काही पाहतील की नाही, याची मला धास्ती आहे.

एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि पंधरा माणसांचा जीव गेला. त्यानंतर लाइफ जॅकेट घालण्याची सक्ती झाली. काही जण फोटो नीट यावा म्हणून ते काढून ठेवतात असं ऐकते. आमच्या यादीत पहिली ओळ तीच आहे: जॅकेट बसल्याबरोबर घालायचं, पट्टे आवळायचे, उतरेपर्यंत काढायचं नाही. बाबांना हे वाचून उलट बरं वाटलं. खाणीत टोपी आणि बूट नसतील तर गेटवरून आत सोडत नाहीत, त्या शिस्तीत मुरलेला माणूस. आई म्हणाली, डोंग्यात जॅकेट नव्हतं, पण नियम होते. मधोमध बसायचं, उभं राहायचं नाही, काठावर पाय द्यायचा नाही आणि नावाड्याशी वाद घालायचा नाही.

धक्क्यावर उतरल्यावर पायथ्यापर्यंत एक छोटीशी झुकझुक गाडी जाते. भाचा आणि बाबा तिच्यात बसणार, आई आणि मी चालणार, हेही ठरून गेलं. तिथून पुढे मात्र सुमारे सव्वाशे पायऱ्या आहेत. आईचे गुडघे गेली काही वर्षं दुखतात. क्वार्टरच्या तीन पायऱ्या उतरताना ती भिंतीला हात लावते. या पायऱ्यांवर येऊन आमची आखणी अडली.

पायथ्याशी डोली मिळते. लाकडी खुर्ची, दोन दांडे, चार माणसं. म्हाताऱ्या किंवा अवघडलेल्या पर्यटकाला उचलून वर नेतात. मी सहज म्हटलं, तू डोलीत बस. आईनं हातातली पळी खाली ठेवली. “मी काय मेली हाव का, चौघांच्या खांद्यावर जाऊन रायली?” नंतर बराच वेळ ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तांदूळ निवडता निवडता तिनं आपणहून सांगितलं. तिच्या आजीला ताप आला होता, पावसाचे दिवस, नाल्याला कमरेइतकं पाणी. खाट उलटी केली, तिला दोर बांधले, बांबू घातला आणि भावकीतल्या पोरांनी कावड करून आजीला दवाखान्याकडे नेलं. आई तेव्हा लहान, मागे मागे चालत होती. पुढच्या माणसाची टाच तिला अजून दिसते, म्हणाली. चिखलात रुतायची, दगडावर घसरायची, पुन्हा रोवली जायची. खाट हलू नये म्हणून तो पाय वाकडा टाकत होता. आजी जगली. खांदा देणाऱ्यांपैकी एकाचा खांदा पुढे कितीतरी दिवस सुजलेला होता.

गाडी नसलेल्या जागेची ओढ मला शहरातल्या माणसासारखीच आहे, म्हणून हे लिहिताना मी जपून लिहिते. गाडी नसली म्हणजे ओझं नसतं असं होत नाही. ओझं तेवढंच राहतं, फक्त ते एखाद्या माणसाच्या अंगावर येतं. माथेरानच्या रिक्षा ओढणाऱ्याच्या छातीवर येत आलं, घारापुरीच्या डोलीवाल्याच्या खांद्यावर येतं, भामरागडच्या पलीकडच्या गावात खाटेच्या बांबूखाली येतं. आपण जिला शांतता म्हणतो ती कुणाच्या दमानं राखली जाते, हे पाहून मग तिथे जावं. सहल आखताना तिकीट, वेळ, डबा यांच्याआधी एक प्रश्न विचारावा असं मला वाटू लागलं आहे: माझं ओझं किती, आणि ते वर कोण नेणार?

घारापुरीचा दगडी हत्तीसुद्धा ओझ्याचीच गोष्ट सांगतो. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिलं ते धक्क्याजवळच्या एका दगडी हत्तीवरून. पुढे इंग्रजांनी १८६४ मध्ये तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला. उचलताना तो कोसळला, त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. आज तो भायखळ्याला, राणीच्या बागेजवळ, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. बाबांना मूर्तींपेक्षा यातच रस. साखळी कुठून घातली असेल, वजन पोटाखाली घेतलं की पायांवर, बूम किती झुकला असेल, याची त्यांनी वहीच्या मागच्या पानावर आकृती काढली. उचलणाऱ्याला वजनाचा मध्य कळला नव्हता, असा त्यांचा निकाल आहे.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो मला इतक्या पुस्तकांत कुठे भेटला नव्हता. मुख्य लेण्याचा मंडप साधारण २७ मीटर लांब, तेवढाच रुंद, उंची पाच मीटर धरा. सगळा बेसॉल्ट, एका डोंगरातून कोरून काढलेला. बाबा म्हणाले, “मंग एवढा दगड काढला तो टाकला कुठं? ओबी कुठं गेली?” खाणीत कोळशावरची माती-दगड काढून बाजूला रचतात, त्याला ओबी म्हणतात. आमच्या गावाभोवतीच्या टेकड्या म्हणजे हीच ओबी. तिच्यावर आता बाभळी उगवल्या आहेत आणि बाहेरगावचे पाहुणे त्यांना डोंगर समजतात. बाबांनी हिशेब मांडला. खांब वजा न करता दहा हजार टन तरी दगड निघाला. साठ टनी डंपरच्या दीड-पावणेदोनशे खेपा. तेव्हा डंपर नव्हते. सहाव्या शतकाचा मध्य. छिन्नी, हातोडा, टोपली आणि डोकं. मूर्ती घडवणाऱ्या हातांबद्दल लोक लिहितात; चुरा भरून टोपली डोक्यावर घेऊन पायवाटेनं जाणाऱ्यांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. आमच्या भद्रावतीच्या विजासन लेण्यांतही तसंच असणार. डोंगरात शिरत जाणाऱ्या तीन लांब बोळी, प्रत्येकीच्या टोकाला बसलेले बुद्ध. तिथला दगडही कुणाच्या तरी डोक्यावरूनच बाहेर आला.

लेण्यात काय पाहायचं याची मोठी यादी मी केली होती, ती हळूहळू लहान केली. नटराज, अर्धनारीश्वर, गंगाधर, कल्याणसुंदर, अंधकासुराचा वध, योगीश्वर. प्रत्येक मूर्तीला पाच मिनिटं असं मी लिहिलं होतं. मग ते खोडलं. दोनच शिल्पांपुढे बसायचं. पहिली सदाशिवाची मूर्ती, जिला सगळे त्रिमूर्ती म्हणतात. तीन माणसं एकावर एक उभी केली तरी पुरणार नाही अशी उंची, आणि फक्त छातीपर्यंतचं रूप. मधलं मुख मिटल्या डोळ्यांचं, शांत. एका बाजूचं उग्र, दुसऱ्या बाजूचं कोमल, हातात कमळ असलेलं. लेण्याला उत्तरेकडून आणि दोन्ही बाजूंच्या अंगणांतून उजेड येतो, त्यामुळे दिवस पुढे सरकतो तशी गालांवरची सावली सरकते, असं तिथे पूर्वी गेलेल्या एका ओळखीच्या शिक्षिकेनं मला सांगितलं. ते पाहायचं तर एका जागी बसावं लागेल. गाडीत परत जायची घाई नसलेल्या माणसालाच ते जमेल.

दुसरं शिल्प कैलास हलवणाऱ्या रावणाचं. त्याची मोडतोड फार झाली आहे. पण रावण खाली आहे, सगळं वजन त्याच्या पाठीवर आहे आणि वर शिव-पार्वती आहेत, हे अजून समजतं. या कथेत आपण नेहमी वरच्यांच्या बाजूनं बघतो. शिवानं अंगठा दाबला आणि गर्व उतरला, असं कीर्तनात ऐकत आलो. यावेळी मला खालच्या पाठीकडे बघायचं आहे. घडवणाऱ्यानं तिथे किती स्नायू कोरले, उचलणाऱ्या शरीराची त्याला किती माहिती होती. स्वतः टोपल्या वाहिल्याशिवाय, किंवा वाहणाऱ्यांमध्ये राहिल्याशिवाय, तशी पाठ घडवता येत नसावी.

१९८७ मध्ये ही लेणी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. बेटावरच्या माणसांच्या घरात मात्र चोवीस तास वीज यायला २०१८ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. समुद्राखालून साडेसात किलोमीटर लांब केबल टाकली तेव्हा. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर, मग अंधार. समोर रात्रभर लखलखणारी मुंबई आणि जवळपास तितकंच लखलखणारं बंदर. राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर या तीन वस्त्या; हजार-बाराशे माणसं. जागतिक वारसा आणि वीज यांमध्ये एकतीस वर्षं गेली. आमच्याकडच्या कोळशातून वीज तयार होते आणि दूरदूर जाते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची धुराडी आम्ही लहानपणापासून पाहतो. भामरागडच्या आतल्या गावांत दिवे उशिरा पोचले, घारापुरीलाही उशिरा. पाणी मध्ये आलं की सोय थांबते, मग ते खाडीचं असो की पर्लकोटेचं. भामरागडजवळच्या हेमलकशाला १९७० च्या दशकात डॉ. प्रकाश आमटे आले तेव्हा तिथे कशाचीच सोय नव्हती, आणि आजही जोराच्या पावसात तिथली वाट नदीच ठरवते.

या सगळ्यामुळे सामानाची यादी बदलली. प्रत्येकाची एकच पिशवी, स्वतःच्या खांद्यावर. बाबांना फराळाचा मोठा डबा न्यायचा होता. आईनं तो अर्धा केला. पाण्याच्या बाटल्या घरून, आणि रिकाम्या झाल्या की घरी परत. बेटावर टाकलेली प्रत्येक बाटली कुणालातरी गोळा करून पुन्हा बोटीनं न्यावी लागते. तिथे कचऱ्याची घंटागाडी येत नाही. खाण्याची पिशवी उघडी धरायची नाही, पायऱ्यांवरची माकडं हातातून हिसकतात. ग्रामपंचायतीचा छोटा कर आणि लेण्याचं चाळीस रुपयांचं तिकीट सुट्या पैशांत काढून ठेवायचं. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, माळा, खडे, लाकडी हत्ती. भाच्याला एक हत्ती, बाकी कुणाला काही नाही. जेवण मात्र तिथेच, एखाद्या घरगुती खानावळीत, घासाघीस न करता. मासळी बोटीनं येते, गॅसचं सिलिंडर बोटीनं येतं, तांदूळ बोटीनं येतो. दोन पैसे जास्त लागणारच.

डोलीचं काय, हा प्रश्न आठवडाभर घरात फिरत होता. मला वाटायला लागलं होतं की आईचा नकारच योग्य, माणसानं माणसाला उचलू नये. बाबांनी तो विचार खोडून काढला. ते म्हणाले, खाणीत मी काम केलं म्हणून घर चाललं. ते काम वाईट आहे म्हणून मला कुणी काम देणंच बंद केलं असतं तर? डोलीवाला पहाटे उठून खांद्यावर टॉवेल टाकून पायथ्याशी येतो तो गिऱ्हाइकाची वाट पाहायला. त्याला दया नको, भाडं पाहिजे आणि भाड्यात भाव पाडणारा माणूस नको. हे मला पटलं. तरी त्यापुढच्या प्रश्नाला उत्तर नाही: डोलीवाल्याच्या खांद्याचं पुढे काय, पन्नाशीनंतर तो काय करतो? त्याची नोकरी नाही, पेन्शन नाही. बाबांच्या हाती निवृत्तीनंतर काहीतरी येतं, त्याच्या हाती काय येतं ते मला ठाऊक नाही, आणि विचारायला संकोचही वाटतो.

शेवटी निवाडा आईनं दिला. पायऱ्या ती स्वतः चढणार, दर दहा पायऱ्यांना बसत. त्यासाठी दीड तास राखायचा. लेण्यात एक शिल्प कमी पाहिलं तरी चालेल. गुडघ्यानं साथ दिली नाही तर मधूनच डोली बोलवायची, पायथ्यापासून वरपर्यंतचं पूर्ण भाडं द्यायचं आणि “त्या पोरायले च्या पाजायचा”. उतरताना मात्र डोलीच नको, उतरताना चौघांचे गुडघे जास्त दुखतात, हे तिनं त्या टाचेवरून ओळखलं आहे. आत्तापासून ती रोज संध्याकाळी कॉलनीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जाते, आणि टाकीच्या ओट्याच्या पायऱ्या चढून उतरते. बाबा खाली उभे राहतात.

दीड तास पायऱ्यांना गेला म्हणून बाकीचं वेळापत्रक पुन्हा मांडलं. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांचा जुना बौद्ध स्तूप आहे; तो मला फार पाहायचा होता, तो सोडला. वरच्या टेकडीवरच्या तोफाही सोडल्या. परतीची लाँच साडेतीनच्या आतली धरायची, शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहायचं नाही, कारण समोर विदर्भ एक्स्प्रेस आहे आणि मधे मुंबईची संध्याकाळ. तरीही जेवणानंतर तासभर उरत होता. तिथे मी “आराम” असं लिहिलं होतं. आईनं पेन मागितलं आणि ते खोडून “गावात” असं लिहिलं.

तिला वस्तीत जायचं आहे. लेण्यांकडून परतणारे बहुतेक लोक थेट धक्क्याकडे वळतात, वस्तीकडे वळत नाहीत. तिथल्या एखाद्या बाईच्या ओट्यावर बसायचं, ओळख काढायची. प्राणहितेच्या काठावरची बाई आणि खाडीतल्या बेटावरची बाई यांना बोलायला विषय शोधावा लागणार नाही. काय विचारायचं ते तिनं मला सांगून ठेवलं आहे, मी विसरू नये म्हणून: रातच्याले पोटात दुखू लागलं तं नाववाला उठते का? पावसात लाँच बंद असली तं सिलिंडर किती दिवस पुरवतां? लाईन नव्हती तवा पोरं अभ्यास कायच्या उजेडात करत? लेकी सासरी गेल्या त्या बेटावरच दिल्या का पलीकडं? अन् तुमच्याकडं पायऱ्यांवरून पाण्याचे हंडे कोन नेते, बाया का माणसं?